आत्याच्या पिवळ्या ज्वारीमागे: जैनथ, इचोडा, बोथ

यंदाच्या, म्हणजे त्र्याण्णवच्या मे महिन्यात माझी आत्या आदिलाबादला आमच्या घरी आली ती हातात ओल्या फडक्याची गाठ घेऊन. चहा नाही, पाणी नाही. गाठ सोडून तिने माझ्यापुढे धरली.

"तू बियेश्शी झाली ना? मंग हे पाह्य."

फडक्यात मूठभर ज्वारी होती. पाच दिवस ओली ठेवलेली, चांगली फुगलेली, आणि कोंब एकालाही नाही. वास आंबूस.

"काऊन नाई उगवून राह्यली?"

आमच्या घरात मी पहिली पदवीधर. बाबा मंडल कचेरीत अटेंडर आहेत. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे घरात काहीही बिघडलं, रेडिओपासून म्हशीपर्यंत, की सगळे माझ्याकडे पाहतात. मी गंभीर चेहरा करून विचारलं, "बी ठेवलं होतं कशात?"

"गज्यानं युरियाच्या पोत्यात भरलं. म्हणे, पोतं मजबूत असते."

गजू हा आत्याचा मुलगा, माझा दादा. पोतं मजबूत होतंच. पण त्याच्या शिवणीत उरलेला युरिया आणि मागच्या पावसाळ्याची ओल यांनी मिळून ज्वारीचा जीव घेतला होता. आत्या लग्न होऊन गेली तेव्हापासून ही पिवळी ज्वारी दर मृगाला पेरायची. आता गावात ती फक्त तिच्याकडेच उरली होती, म्हणजे आता कोणाकडेच नव्हती. मृगाला तीन आठवडे होते.

आमच्या कॉलेजच्या पुस्तकात भारतातल्या शेतीच्या इतिहासाचा एक धडा होता. पंजाबच्या गव्हाला अकरा पानं, बंगालच्या भाताला सात, आणि आमच्या काळ्या मातीला दोन ओळी: 'दख्खनच्या पठारावर कापूस व ज्वारी ही पिके घेतली जातात.' त्या दोन ओळींचा मला परीक्षेपासून राग होता. मी म्हटलं, आत्या, मी शोधून आणते.

आई म्हणाली, "नोकरीचे अर्ज भरायचे सोडून ही ज्वारी शोधणार." बाबांनी ऊन लागू नये म्हणून ओढणीत बांधायला कांदा दिला आणि तीन दिवसांची मुदत दिली.

पहिला दिवस: जैनथ

आदिलाबादच्या स्टँडवरून जैनथची बस सकाळी बरी मिळते. दुपारच्या बसला जाऊ नका. ती पत्र्याची भट्टी असते आणि तासभर भाजते. तिकीट चहा-भज्यांच्या किमतीचं. पाट्या तेलुगूत असल्याने स्टँडवरच्या चार म्हाताऱ्यांना मी गाडी वाचून दाखवली आणि त्यांनी मला शिक्षिका समजून नमस्कार केला. मी तो घेतला.

जैनथला जुनं दगडी देऊळ आहे. खांबांवरची कोरीव कामं सावकाश पाहा, आत गारवा असतो. तिथून आत्याच्या गावाला ऑटो मिळतो, म्हणजे सहा माणसांच्या ऑटोत अकरावं माणूस व्हायची तयारी असेल तर. पलीकडे पैनगंगा, नदीच्या त्या बाजूला महाराष्ट्र. मे महिन्यात शेतं नांगरून पडलेली असतात. काळ्या ढेकळांना इतक्या रुंद भेगा की चप्पल अडकते.

आत्या मला घेऊन गावात फिरली. अकरा घरं झाली. प्रत्येक घरी लिंबाचं सरबत, आणि प्रत्येक घरी उत्तर भूतकाळात.

"होती ना, माय. आमच्या बुढ्याच्या टायमाले."

"हायब्रेट आली तवापासून सोडली."

एका घरी तर घरधनी उत्साहाने आत गेले आणि एक डबा घेऊन आले. डब्यात सोयाबीन. "हे नवं हाय," ते म्हणाले, "हेच घेऊन जा." नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. घेतलं.

या अकरा घरांत मला पुस्तकातल्या दोन ओळींचं पोट दिसलं. निजामाच्या काळात इथे लहान बोंडांचा गावरानी कापूस आणि ज्वारी शेजारी शेजारी असायची. एक विकायला, एक खायला. मग संकरित ज्वारी आली. ती कमरेएवढीच वाढायची, त्यामुळे बैलांच्या कडब्याची पंचाईत झाली. मग रेशनचा तांदूळ आला आणि भाकरी सणापुरती राहिली. मग संकरित कपाशी आली, तिच्यामागे फवारणीचे पंप आले, आणि आता बांधावर सोयाबीन येऊन उभं आहे. माणसं हे सारं सांगत होती ते कुरकुरत नाही, तर लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं सांगावीत तसं.

संध्याकाळी गजूदादा जेवताना म्हणाला, "तू शयरातून आली, तुले मजा वाटते. दोन एकर जवारी पेरली त तिच्यावर बसणार कोण? माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलणार कोण, तू?"

"मी हाकलीन," आत्या म्हणाली.

"तुह्यानं माळ्यावर चढणं होते का? आपले गुडघे त पाह्य."

दादाचं चूक नव्हतं. पऱ्हाटीवरच, म्हणजे कपाशीवरच, त्याने घरावर टिनं टाकली, विहिरीला मोटर बसवली. आत्याने वरणाचं पातेलं पुढे सरकवलं. मग त्यालाच राहवलं नाही. वरण ओढून घेत म्हणाला, "बी आणशीन त बांधाकडची दोन तासं देतो. पण मिरगापर्यंत. नाई आलं त तिथं बी पऱ्हाटीच लावीन."

तास म्हणजे पेरणीची एक ओळ. दोन एकरांवरून मामला दोन ओळींवर आला होता. आत्याने लगेच 'हो' म्हटलं.

मग तिने मला कमलबाईबद्दल सांगितलं. कमल तिच्या शेजारची पोर; तिचं लग्न झालं तेव्हा आत्याने ओटीत ही ज्वारी घातली होती. सासर बोथजवळचं. "तिच्यापाशी असनच," आत्या म्हणाली. "पण एक ध्यानात ठेव. बी मागाचं नसते. मागून आणलेलं बी धरत नाई. जाय, बस, पाणी पी. जवारी दिसली की नाव काढ, कौतुक कर. घरची बाई समजते. आपल्या हातानं देते."

हे मी वहीत लिहून घेतलं. खाली रेघही मारली.

दुसरा दिवस: इचोडा, मग बोथ

सकाळी सहाला निघून आदिलाबादला गाडी बदलली. इचोड्याचा रस्ता हैदराबाद-नागपूरचा मोठा रस्ता. डांबर चांगलं, ट्रक त्याहून जास्त. इचोड्याला उतरलात तर ढाब्यावर मिरची भजी खा, पण चहा आधी मागवा, कारण भज्यांनंतर तो येईपर्यंत तुम्ही रडत असता.

ढाब्यासमोर ओळीने ट्रक उभे होते, आणि मला वाटलं, माझ्या पुस्तकाचा सगळा धडा इथे पार्क केलाय. गुंटूरची मिरची, नाशिकचा कांदा, कृष्णेकाठचा तांदूळ, आपल्या जंगलातला तेंदूपत्ता. शेजारच्या बाजेवर पंजाबचा एक वयस्क सरदारजी ड्रायव्हर दाल-रोटी खात होता. मी धीर करून विचारलं की तुमच्याकडे गव्हाची मोठी क्रांती झाली, ती कशी वाटली?

तो हसला. "बेटी, गेहूँ तो इतना हुआ कि रखने को जगह नहीं."

"और पुराना गेहूँ?"

त्याने रोटीचा तुकडा दालीत बुडवला. "पुराना माँ एक मटके में रखती थी. माँ के बाद मटका बहू ने धो दिया." मग माझ्या प्लेटकडे पाहून, "मिर्ची के साथ चीनी खाओ, पानी नहीं."

अकरा पानांत मला हे वाक्य मिळालं नव्हतं. साखरेने तिखट मात्र खरंच कमी होतं.

बाजूलाच बियाण्यांचं दुकान होतं. विचारायला काय जातं म्हणून गेले. शेठने माझ्यासमोर सात रंगीत पाकिटं पत्त्यांसारखी लावली. प्रत्येकावर माणसाएवढी ज्वारी आणि तिच्याहून आनंदी शेतकरी.

"पिवळी हवी. पचाजोन्ना," मी तेलुगूतही सांगून पाहिलं.

"पिवळी?" शेठ म्हणाला. "पाकीट पिवळं देतो ना, ताई."

वर दुकानाचं कॅलेंडर फुकट दिलं. आता माझ्या पिशवीत सोयाबीन, कॅलेंडर आणि कांदा एवढा ऐवज होता.

इचोड्याहून बोथची गाडी सागाच्या जंगलातून जाते. खिडकीची जागा धरा. रस्त्याच्या कडेला बाया तेंदूपत्त्याचे मुडे बांधत बसलेल्या असतात, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकायला असतात. पिकलेली घ्या, कच्च्याने तोंड कसंनुसं होतं. लोक जवळचा धबधबा पाहायला जातात, पण मे महिन्यात तिथे फक्त दगड पडताना दिसतील. पावसाळ्यानंतर जा. बोथला तहसील, बाजार, चहाच्या टपऱ्या, सगळं आहे. तिथून कमलबाईंचं गाव अर्ध्या तासाची पायपीट. मी भर बाराला केली, तुम्ही करू नका.

कमलबाई घरी नव्हत्या. बोथच्या बाजाराला गेल्या होत्या. म्हणजे बहुतेक आम्ही एकमेकींना ओलांडूनच गेलो. घरी सून होती, रुक्मा. माझ्याच वयाची, हसरी, कामाला चपळ. जैनथकडच्या आत्याचं नाव सांगितलं तर तिने पाट मांडला, पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला. आणि चुलीवर, आढ्याला, धुराने काळ्या झालेल्या दोरीला उलटी टांगलेली सात कणसं. पिवळी. धुराच्या पुटाखालूनही पिवळी.

मी आत्याची शिकवण अक्षरशः पाळली. मागितलं नाही. कौतुक केलं. आणि मला जे येतं ते मी नीट करते. मी म्हटलं, अशी ज्वारी मी आजवर पाहिली नाही, आमच्याकडे कोणाकडेच नाही, हिच्यासाठी मी कालपासून वणवण करतेय, आत्या हिची आठवण काढून डोळ्यांत पाणी आणते. मी दाण्याच्या रंगावर बोलले, कणसाच्या बांध्यावर बोलले. धड्याचा थोडा भागही सांगितला.

रुक्मा डोळे मोठे करून ऐकत होती. "एवढी आवडते तुमाले?"

"जीव की प्राण," मी म्हटलं.

"मंग पडा थोडं. थकल्या दिसता. मी पाह्यतो."

तिला समजलं, माझं काम झालं. अंगणातल्या कडुलिंबाखाली बाजेवर मी आडवी झाले. झोपेच्या काठावर असताना आतून जात्याची घरघर आली, आणि तिच्याबरोबर रुक्माचं बारीक आवाजातलं गुणगुणणं. मी वही काढून लिहिलं: 'जात्याचा हा आवाज म्हणजे आपल्या कृषिसंस्कृतीचं हृदय.' मग सुखाने झोपले.

उठले तेव्हा ताट तयार होतं. भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, कैरीचं लोणचं. भाकरी पिवळसर, पातळ, कडेला किंचित खरपूस. तोडली की वाफेला गोड वास. पहिला घास मी नुसताच खाल्ला. तो गोडसर होता, गूळ नसलेल्या गोडीचा, आणि चावत राहिलं की मागून थोडा धुरासारखा. दुसरी भाकरी ठेच्याबरोबर. तिसरी मी मागून घेतली.

तिसरी निम्मी झाली तेव्हा कमलबाई आल्या. डोक्यावर बाजाराची टोपली, कपाळावर घाम. माझी ओळख झाली, आत्याचं नाव ऐकून त्या जागच्या जागी खाली बसल्या, गुडघ्यांची चौकशी झाली. मग त्यांची नजर आढ्याला गेली. दोरी रिकामी होती.

"रुक्मे, कणसं कोठं हायेत?"

रुक्माने माझ्या ताटाकडे पाहिलं. कमलबाईंनी पाहिलं. मग मीही पाहिलं.

"साती?"

"साती," रुक्मा सासूला म्हणाली. "मामी, पाव्हणी एवढं कौतुक करून राह्यली. हिच्यासाठी कालपासून फिरून राह्यली म्हणे. मंग काय, दोरीले लटकवलेलं नुसतं दाखवू तिले?"

"ते बी होतं," कमलबाई हळू म्हणाल्या. "माह्यं बी तेवढंच होतं."

माझ्या हातात तुकडा होता. खाली ठेवणं अन्नाचा अपमान, खाणं त्याहून वाईट. देशाच्या शेतीचा इतिहास शोधायला मी घराबाहेर पडले होते आणि त्यातला एक भाग अडीच भाकरींत संपवून बसले होते. मी सगळं खरं सांगितलं: आत्याचं फडकं, युरियाचं पोतं, दोन तासं, आणि मागायचं नसतं ही शिकवण.

कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडताहेत. "तुह्या आत्यानं मलेबी हेच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, आणि हसू आवरेना. मग एकदम उठल्या. "कणसं कुटली कोठं? अंगणातल्या दगडावर ना? चला."

मग आम्ही तिघी गुडघ्यांवर. कुटलेल्या कणसांच्या तुऱ्यांत अडकलेले दाणे, पाखडलेल्या भुशातले, दगडाच्या कपारीतले, जात्याच्या पाळूखाली न भरडता निसटलेले. रुक्मा डोळे पुसत सगळ्यांत वेगाने वेचत होती, तिला मी दहा वेळा म्हटलं की चूक माझी, ती दर वेळी म्हणायची, "तुमी खाल्ली, पण दळली मी." अंगणात कोंबडा आमच्या पुढे पुढे वेचत चालला होता. आम्ही तिघींनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिलं.

"याच्या पोटात आपल्याहून जास्त असन," कमलबाई म्हणाल्या. कोंबड्याचं नशीब, त्या दिवशी शनिवार होता.

दिवस मावळेपर्यंत सुपात दोनशे अकरा दाणे जमले. मी दोनदा मोजले. कमलबाईंनी वाटणी केली: एकशे पाच त्यांच्याकडे, एकशे सहा मला. "वाटेला लागते त्याले एक जास्त," त्या म्हणाल्या.

मग माझ्यातली पदवीधर जागी झाली. मी म्हटलं, बी उगवतं की नाही हे आधी तपासायला हवं; पुस्तकात सांगितलंय, शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवायचे.

कमलबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "शंभर दाणे पाहाले खपवशीन, मंग पेरशीन काय, सहा? तू बी रुक्मीचीच बहीण."

रुक्मा दिवसात पहिल्यांदा मोकळी हसली. मी दाणे ओढणीच्या टोकाला बांधले. कांदा काढून त्यांच्या भाजीला दिला. सोयाबीनही तिथेच ठेवून आले.

तिसरा दिवस: परत

येतानाची गाडी भरलेली होती. बोथ ते आदिलाबाद मी ती गाठ मुठीत धरून उभी होते. बसायला जागा मिळाली तेव्हाही उभी राहिले, कारण शेजारच्या बाईंच्या मांडीवर बकरीचं पिल्लू होतं आणि ते ओढणीकडे फार प्रेमाने बघत होतं.

आत्या आदिलाबादला आमच्या घरी येऊन वाट पाहत बसली होती. मी गाठ सोडली आणि खरं ते सगळं सांगितलं. ती रागावेल, हसेल, कमलला बोल लावेल, असं काहीही होऊ शकलं असतं. ती दाणे तळहातावर पसरून बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "भाकर कशी होती?"

मी म्हटलं, "चांगली होती."

"तशी नाई. नीट सांग." ती भिंतीला टेकली. "बी पुरावं म्हणून मी चार वर्षांपासून खाल्ली नाई. उरते तेवढी पेराले ठेवतो."

मग मी नीट सांगितलं. रंग, वाफ, पहिला नुसता घास, मागून येणारा धूर. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मध्ये एकदा म्हणाली, "थोडी पातळच थापली असन मंग."

या प्रवासाचा खर्च तीन दिवसांत फार झाला नाही. घरोघरच्या जेवणाने मला पोसलं. कॅलेंडर बाबांनी कचेरीत लावलंय. पुस्तकातल्या त्या दोन ओळींचा राग मात्र गेला. त्या कमी आहेत, पण खोट्या नाहीत; बाकीचं लिहायला लिहिणाऱ्याने अकरा घरचं सरबत प्यायला हवं होतं.

मृगाला गजूदादाने शब्द पाळला. बांधाकडची दोन तासं सोडली, आणि तिफणीने एवढे थोडे दाणे पेरता येत नाहीत म्हणून आत्याने बोटाने खड्डे करून एकेक टोकला. मी मागून माती ओढली. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा एकशे सहापैकी एकाहत्तर वर आले होते. कमलबाईंच्या शेतात पहिल्याच मोठ्या पावसाने ओहोळ फिरला, त्यांचं काहीच राहिलं नाही असा निरोप बोथहून आला. म्हणजे ही एकाहत्तर रोपं आता दोन घरांची आहेत. दादा फवारणीचा पंप घेऊन जाताना त्या ओळींना वळसा घालतो आणि आपण वळसा घातला हे कोणाला दिसू नये म्हणून शीळ घालतो.

आत्याने जाहीर केलं आहे की यंदाचं सगळं बी होईल. आधी कमलकडे सात कणसं, मग बाकीची चुलीवर. "यंदा कोणीच खाणार नाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "तुहं त झालंच."

मी आत्याकडे गेले की ती मला बांधावर नेते. रोपं आता गुडघ्याला लागतात. ती हळूच खाली बसते, पाय लांब करते आणि म्हणते, "हं, सांग. पहिला घास कसा होता?"

मी सांगते. दर वेळी थोडं मीठ-मिरची लावून, पण तिला ते चालतं.